टीएसएस अर्नस्लॉ, क्वीन्सटाऊन: आधी खाली बॉयलरकडे जा, डोंगर नंतर

मी ३४ गळीत हंगाम साखर कारखान्याच्या बॉयलरवर काढले. सेकंड क्लास बॉयलर अटेंडंटचं सर्टिफिकेट काढून लागलो आणि फर्स्ट क्लासवर रिटायर झालो. त्यामुळे या आगबोटीबद्दल लिहिताना बसायची जागा, कॉफी, फोटो यांवर माझ्याकडे सांगण्यासारखं थोडंच आहे. बॉयलरवर बरंच आहे, आणि बॉयलरपुढे उभ्या असलेल्या माणसावर त्याहून जास्त.

मुलगा न्यूझीलंडमध्ये ख्राइस्टचर्चला असतो. २०२३ च्या मार्चमध्ये आम्ही नवरा-बायको तिकडे होतो. ख्राइस्टचर्चहून गाडीने दिवसभराचा प्रवास केला की वाकाटिपू सरोवराच्या काठावर क्वीन्सटाऊन लागतं. तिथल्या धक्क्यावर टीएसएस (ट्विन स्क्रू स्टीमर, म्हणजे दोन पंख्यांची आगबोट) अर्नस्लॉ ही १९१२ सालची बोट उभी असते, पांढऱ्या अंगाची, लाल धुराड्याची, आणि ती अजून दगडी कोळशावर चालते. कोळसा टाकायला पट्टा नाही, मशीन नाही. माणूस फावड्याने टाकतो. प्रवासी घेऊन रोज फेऱ्या मारणाऱ्या आणि हाताने कोळसा घालून चालणाऱ्या बोटी आता जगात फार थोड्या उरल्यात. मुलाने फोनवर नुसतं एवढं सांगितलं तेव्हाच मी म्हटलं, बाकी काही दाखवू नकोस, तिथे ने.

आधी एका एजंटाने सांगितलं होतं की खाली काही बघायला मिळत नाही, वर बसायचं आणि डोंगर बघायचे. मी जवळजवळ नकोच म्हणालो होतो. सूनबाईंनी दुसरीकडे चौकशी केली म्हणून बरं. खरी गोष्ट अशी की इंजिनाच्या वरून प्रवाशांसाठी लोखंडी पायवाट केलेली आहे. तिथे कोणीही उभं राहू शकतं, वेगळं तिकीट नाही, आणि तिथून इंजिनही दिसतं आणि कोळसा टाकणारा माणूसही. कोणाचं ऐकून हे चुकवू नका.

बोट सुटायच्या पंधरा मिनिटं आधी आत शिरलो. बाकी मंडळी वर गेली, मी वास जिकडे खाली घेऊन गेला तिकडे गेलो. तापलेलं तेल, ओली वाफ आणि कोळशाची काजळी. आमच्या बॉयलर हाऊसला बगॅस, म्हणजे उसाचं चिपाड, जळायचं, त्यामुळे तिथला धूर गोडसर असायचा. हा कडू होता. पण तेलाचा आणि वाफेचा वास तोच, डोळे मिटले असते तर मी दुसऱ्या शिफ्टला आलोय असं वाटलं असतं.

इंजिनं दोन आहेत, प्रत्येकी ५०० हॉर्सपॉवरची, उभ्या सिलिंडरची. यांना ट्रिपल एक्स्पान्शन म्हणतात. आपल्याकडच्या माणसाला हे समजायला एक मिनिट पुरे. ऊस पहिल्या मिलमधून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या मिलमध्ये जातो आणि दर वेळी उरलेला रस निघतो ना? तसंच वाफेचं. आधी छोट्या सिलिंडरमध्ये, मग मधल्यात, मग मोठ्यात. वाफ पसरत जाते, दाब उतरत जातो, म्हणून पुढचा सिलिंडर आधीच्यापेक्षा मोठा करावा लागतो. एकाच वाफेकडून तीन वेळा काम करून घेतात. ज्याने हे पहिल्यांदा केलं त्याने किती हजार आगवाल्यांच्या, म्हणजे भट्टीत कोळसा टाकणाऱ्यांच्या, पाठीवरचा भार हलका केला असेल, कारण वाचलेली वाफ म्हणजे न उचललेला कोळसा.

आणखी एक गोष्ट मला इथेच नीट कळली. काम संपलेली वाफ थंड करून तिचं पुन्हा पाणी करायचं असतं. समुद्रातल्या बोटीत ती वाफ आणि बाहेरचं खारं पाणी एकमेकांत मिसळू देत नाहीत, मधे नळ्या असतात. मीठ बॉयलरमध्ये गेलं तर त्याच्या नळ्यांवर खवले धरतात आणि बॉयलर मरतो. इथे सरोवराचं पाणी गोडं. म्हणून या बोटीत थंड पाण्याचा फवारा थेट वाफेवरच सोडतात. नळ्यांची भानगडच नाही. आमच्याकडे फीड वॉटरमध्ये, म्हणजे बॉयलरला घालायच्या पाण्यात, साखरेचा अंश आला की रात्री-अपरात्री धावपळ व्हायची, त्यामुळे हे कळल्यावर मी तिथेच मान डोलावली.

मग घंटा झाली. वरून कप्तान जो हुकूम देतो तो तारेने आणि घंटेने खाली येतो. गोल तबकडीवर काटा फिरतो, टण् असं वाजतं, खालचा इंजिनिअर आपला दांडा त्याच खुणेवर नेऊन उत्तर देतो, आणि मग हाताने व्हॉल्व्ह उघडतो. फोन नाही, बटण नाही. पिस्टनचे दांडे हळू वर-खाली होऊ लागले, पहिली दोन-तीन वेळा श्वास टाकल्यासारखे, मग लयीत. लोकांनी फोन वर केले. मी त्यांच्या मागून सरकत बॉयलरच्या बाजूला गेलो.

तो पस्तिशीचा असेल. डोक्याला फडकं, हातात जाड मोजे, कानावर बंदोबस्त. बॉयलर दोन, रेल्वेच्या इंजिनाला असतात त्या जातीचे. मी तिथे चाळीस मिनिटं उभा होतो, आणि ज्याला कोणी रिव्ह्यू म्हणेल तो माझ्या मते या चाळीस मिनिटांचाच व्हायला हवा.

कोळसा टाकणं म्हणजे ढकलणं असं वरून वाटतं. तसं नसतं. तो आधी दाराच्या भोकातून आगीचा रंग बघायचा. मग दार उघडायचा. उघडल्याबरोबर समोरच्या भिंतीवर नारिंगी उजेड पडायचा आणि मला वर उभं राहून गालाला झळ लागायची. एक फावडं डाव्या कोपऱ्यात, एक उजव्या, एक मागच्या भिंतीला. फेकताना मनगट शेवटच्या क्षणाला फिरवायचा, त्यामुळे कोळसा ढीग न होता पसरत पडायचा. तीन-चार फावडी, की दार बंद. दार उघडं म्हणजे गार हवा आत, गार हवा आत म्हणजे दाब खाली. जाड थर टाकून बसणारा माणूस आळशी, आणि त्याचा आळस धुराड्यातून काळा होऊन सगळ्या गावाला दिसतो. थोडं आणि वरचेवर, हीच कला. गुऱ्हाळात चुलवाणाला चिपाड सारणारा म्हातारा हेच सांगायचा, पातळ सार, जाळ हसला पाहिजे.

दहा मिनिटांत मी तीस फावडी मोजली. फावड्यात पाच-सहा किलो धरा. अर्नस्लॉला तासाला टनभर कोळसा लागतो असं सांगतात, तर ते जुळलं. मधे एकदा त्याने लांब सळई घेऊन आत खालून आग उकरली. ते करताना त्याने चेहरा उजवीकडे वळवला आणि डावा खांदा पुढे केला. हे बघून माझ्या अंगावर काटा आला, कारण तसं कोणी शिकवत नाही. ते एकदा भाजल्यावर येतं. १९९१ च्या हंगामात ड्राफ्ट, म्हणजे भट्टीतली हवेची ओढ, गेला असताना दार उघडलं आणि ज्वाळा बाहेर आली, तेव्हापासून माझी डावी भुवई अर्धीच आहे. मीही तेव्हापासून चेहरा वळवूनच दार उघडायचो.

आता जरा घरचं सांगतो, कारण मी तिथे का गेलो ते त्याशिवाय कळणार नाही.

माझ्या आईचे वडील आगवाले होते. मालवणजवळचं गाव. मुंबई ते गोवा किनाऱ्याने ज्या आगबोटी चालायच्या त्यांच्यातल्या एकीवर ते विशीत कोळसा टाकायला लागले आणि पंचेचाळिशीत खोकत घरी आले. रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले. बोट बाहेर खोल पाण्यात उभी राहायची, पडाव (छोट्या होड्या) यायचे, माणसं आणि बोचकी उतरायची. हे सगळं आम्हाला आजीने सांगितलं, कारण ती त्या बोटीने डेकवर बसून गेली होती. आजोबांना विचारलं की समुद्रातून सिंधुदुर्ग कसा दिसतो, तर म्हणायचे, मी नाही बघितला. बंदर आलं की आग दाबायची, नाहीतर सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो. सुटायच्या आधी पुन्हा भडकवायची. बंदरात वर जायला सवडच नसायची. ते बंदर ओळखायचे घंटेवरून आणि इंजिन किती वेळ गप्प राहिलं त्यावरून. स्वतःचं गाव आलेलं त्यांना असं कळायचं.

त्यांच्या उजव्या हाताला कोपरापासून खाली केस नव्हते. थंडीतही खळ्यात, म्हणजे अंगणात, झोपायचे, दार लावलेल्या खोलीत त्यांना झोप येत नसे. ड्यूटीवर जाताना पितळी चरवीत मीठ घातलेली पेज न्यायचे. पुढे कधीतरी वाचलं की ब्रिटिश बोटींवर आगवाल्यांना ओटचं पीठ कालवलेलं पाणी देत. कारण एकच. घामातून मीठ जातं, आणि नुसतं पाणी ढोसलं की पोटऱ्यांत आणि पोटात गोळे येतात. मालवणात ते कोणाला पुस्तकातून कळलं नव्हतं.

मोठ्या बोटींवरचं काम तर याच्या कितीतरी पट. टायटॅनिकवर २९ बॉयलर होते, १५९ भट्ट्या, आणि दिवसाला सहाशे टनांच्या आसपास कोळसा. चार तास काम, आठ तास सुट्टी, पुन्हा चार तास, रात्र असो की दिवस. भट्टीत टाकणारा वेगळा, आणि कोळशाच्या कोठारातून ढकलगाडीने त्याच्यापर्यंत आणून देणारा वेगळा. हा दुसरा सगळ्यात खालचा. अंधारात, धुळीत, बोट हेलकावत असताना तो कोठाराच्या दोन्ही बाजू सारख्या रिकाम्या करत जायचा, नाहीतर बोट एका अंगाला कलते. काही बोटींवर तर कोणत्या भट्टीचं दार कधी उघडायचं याचीही घंटा वाजवणारं यंत्र बसवलेलं असे. म्हणजे दम खायचा तोही घंटेने.

आणि या भट्ट्यांपुढे आपले लोक फार होते. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटिश व्यापारी बोटींवर पन्नास हजारांच्या आसपास लास्कर, म्हणजे आशियाई खलाशी, होते, बहुतेक हिंदुस्थानातले. मुंबईहून सुटणाऱ्या पी अँड ओ या ब्रिटिश कंपनीच्या बोटींवर डेकवर गुजरात आणि कोकणचे, बॉयलरवर मुख्यतः पंजाब आणि सरहद्दीकडचे मुसलमान, जेवणाखाण्याकडे गोव्याचे. कलकत्त्याहून सुटणाऱ्या बोटींच्या बॉयलरवर सिल्हेटचे. सारंग, तांडेल, तेलवाला, आगवाला, कोयलावाला, हे शब्द इंग्रज साहेबांच्या वहीतही तसेच चढले. पगार मात्र गोऱ्या खलाशाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढा. उष्ण देशाचे लोक आहेत, यांना गरमी सोसते, असं म्हणायचे. चौतीस वर्षं भट्टीपुढे उभा राहिलेला माणूस म्हणून सांगतो, भट्टीची गरमी कोणालाच सोसत नाही. तांबड्या समुद्रात उष्म्याने आगवाले कोसळायचे, ते कुठल्या देशाचे आहेत हे बघून नव्हे. आणि पाणतीर (टॉर्पेडो) लागला तर सगळ्यात खाली असलेला माणूस सगळ्यात शेवटी शिडीपाशी पोचतो. मुंबईत मशीद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात गेलेल्या दोन हजारांहून जास्त खलाशांचं स्मारक आहे, ज्यांना समुद्राखेरीज दुसरी कबर नाही. मुंबईत राहून ते न बघितलेले माझे निम्मे नातेवाईक आहेत. क्वीन्सटाऊनला जाणं सगळ्यांना जमणार नाही, मशीद बंदर जमेल.

बोटीकडे परत येतो. तिची स्वतःची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. सरोवर डोंगरांच्या मधे, तिथे जहाज बांधायचा कारखाना नाही. म्हणून ड्युनेडिन शहरात तिचा सांगाडा जुळवला, प्रत्येक पत्र्यावर नंबर घातला, पुन्हा सगळं सुटं केलं, आणि मालगाडीने किंग्स्टनला, सरोवराच्या दक्षिण टोकाला आणून रिव्हेट मारत परत जोडली. १९१२ च्या फेब्रुवारीत पाण्यात सोडली, ऑक्टोबरमध्ये पहिली फेरी. काठावरच्या मेंढपाळांच्या वाड्यांना रस्ते नव्हते, तेव्हा एका खेपेला दीड हजार मेंढ्या हिच्या डेकवरून जात. पुढे रस्ते झाले, काम गेलं, भंगारात जायची वेळ आली. १९६९ मध्ये पर्यटनासाठी भाड्याने घेतली गेली म्हणून वाचली. लांबी ५१ मीटर. नाव जवळच्या अर्नस्लॉ शिखरावरून.

सरोवर सुंदर आहे. गडद निळं, दोन्हीकडे उघडे डोंगर. बाकीच्यांनी त्यावर भरपूर लिहिलंय, मी थांबतो. मागच्या बाजूला एक बाई पियानो वाजवत होत्या आणि लोक गात होते, आमच्या मंडळींना ते फार आवडलं. पलीकडच्या काठाला वॉल्टर पीक नावाचं शेत आहे, तिथे उतरून जेवण आणि मेंढ्यांचा कार्यक्रम असं मोठं तिकीट मिळतं. नुसती जाऊन-येऊन फेरी दीड तासाची. शाकाहारी असाल तर जेवणाचं तिकीट काढताना आधी विचारून घ्या. तिकीट स्वस्त नाही, पण माणूस, कोळसा आणि शंभर वर्षांचं लोखंड सांभाळायला काय लागतं ते मला माहीत आहे. आमच्याकडे दर वर्षी हंगाम संपला की बॉयलर उघडून नळ्या साफ करायला दोन महिने जायचे. हिचंही हिवाळ्यात काम काढतात आणि तेव्हा ती बंद असते, म्हणून जूनच्या आसपास जाणार असाल तर तारखा बघूनच जा.

पायवाटेवर जाण्याआधी दोन गोष्टी. खाली आवाज आणि उष्णता दोन्ही आहे, तान्हं मूल नेऊ नका. आमची सात वर्षांची नात मजेत उभी राहिली, तिला मी रेलिंगच्या आत हात न घालायचं एकदाच सांगितलं. आणि जाताना जा, परतताना नको. परतीला बहुतेक लोक थंडीने आत येतात, पायवाट भरून जाते, आणि मागे माणूस उभा असला की सावकाश बघता येत नाही. बोट धक्क्यापासून सुटताना आणि धक्क्याला लागताना घंटा सारखी वाजते, इंजिन पुढे-मागे होतं, तेव्हा तिथे असलंच पाहिजे.

वॉल्टर पीकला बोट लागली तेव्हा तो आगवाला वर वाऱ्याला आला. कठड्याला टेकून बाटलीतून पाणी पीत होता. मुलाला म्हटलं, माझ्यासाठी बोल. मुलाने सांगितलं की वडील बॉयलरवर होते आणि वडिलांचे आजोबा बोटीवर आगवाले होते. त्याने मोजा काढला आणि हात पुढे केला. तळव्याला करंगळीच्या खाली घट्टे होते, फावड्याच्या दांड्याचे, जिथे माझ्याही हाताला अजून आहेत. त्याने ते बोटाने दाबून बघितले आणि हसला. मग विचारलं, तुमच्याकडे काय जाळायचात? मी म्हटलं, उसाचं चिपाड. मुलाला इंग्रजी शब्द आठवेना. मी हातानेच दाखवलं, पिळून उरलेलं. त्याला ते लगेच कळलं. पुढचा प्रश्न त्याने बरोबर विचारला, राख किती पडते? कोळशापेक्षा कमी, म्हटलं, पण उडते फार, डोळ्यात जाते. तो मान हलवत राहिला. घंटा झाली तसा मोजा घालून खाली गेला. नावही विचारायचं राहून गेलं.

मी त्याचा दोन मिनिटांचा व्हिडिओ घेतला होता. दार उघडतं, उजेड पडतो, तीन फावडी, दार बंद. परत आल्यावर आईला दाखवला. तिचं वय तेव्हा त्र्याऐंशी. वडील बोटीवर काय काम करतात हे तिला माहीत होतं, पण ती जागा तिने आयुष्यात बघितली नव्हती. बायकांना आणि पोरांना खाली कोण सोडणार? तिने चष्मा पुसला आणि फोन अगदी जवळ धरला. संपला की म्हणाली, परत लाव. परत लावला. तिसऱ्या वेळेला म्हणाली, आवाज वाढव रे जरा.